डिझेल फिल्टर नेमका कुठे बसवायचा? खाडीतल्या छोट्या बोटींसाठी आग टाळण्याचं काम, पायरीपायरीनं

ठाणे खाडीत दिवाळे, सारसोळे, वाशी गाव, ऐरोली किंवा चेंदणीच्या बाजूला लागलेल्या छोट्या बोटींच्या इंजिनाच्या पेट्या उघडून पाहा. बऱ्याच पेट्यांत डिझेल फिल्टर एकाच जागी दिसेल: इंजिनाच्या अंगावर, एक्झॉस्टच्या वर किंवा सेल्फच्या (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या) डोक्यावर. तो तिथे का आहे, याला सहसा कारण नसतं. इंजिन आलं तेव्हा फिल्टर तिथेच होता, म्हणून तो तिथेच राहिला. यातली कितीतरी इंजिनं मुळात ट्रक, ट्रॅक्टर नाहीतर शेतातल्या पंपासाठी बनलेली असतात. ट्रकच्या बॉनेटखाली वारा खेळतो आणि गळलेलं डिझेल खाली रस्त्यावर सांडतं. बोटीत वारा नाही आणि खाली रस्ताही नाही. गळलेला प्रत्येक थेंब बोटीच्या तळाशी साचून राहतो.

फिल्टर कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर जेट्टीवर तासन्‌तास चर्चा होते. जागेवर मात्र कोणी बोलत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा. साधा फिल्टर योग्य जागी असेल तर तो महागड्या पण चुकीच्या जागी बसवलेल्या फिल्टरपेक्षा कधीही चांगला. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या दिवसांत बोटी वर ओढलेल्या असतात. हे काम तेव्हाच उरकावं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात फिटर मिळत नाही आणि मिळाला तरी घाईत काम करतो.

आधी आग लागते कशी ते पाहू

‘डिझेल पेट घेत नाही, पेट्रोल घेतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही, थेट आकडे सांगतो. पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश सेल्सिअस असतो. याचा अर्थ, त्या तापमानाला त्यातून इतकी वाफ निघते की ठिणगी मिळाली तर ती भडकते. मे महिन्यात दुपारी बंद इंजिनपेटीत ३५ अंश म्हणजे काहीच नाही. मोठ्या जहाजांना साधारणपणे ६० अंशांखालच्या फ्लॅश पॉइंटचं इंधन चालत नाही, ते याच भीतीनं.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा. गरम पृष्ठभागावर पडलेलं डिझेल ठिणगीशिवायही पेटतं, साधारण २१० ते २५० अंशांच्या आसपास. पाण्यानं थंड न होणारा एक्झॉस्ट, म्हणजे मॅनिफोल्ड आणि त्यापुढचा सुका पाइप, लोडवर ३०० अंशांच्या वर सहज जातो. म्हणून मोठ्या जहाजांच्या नियमांत २२० अंशांहून जास्त तापणारा आणि इंधन उडालं तर भिजू शकणारा पृष्ठभाग झाकायलाच लागतो. आपल्या बारा-पंधरा हातांच्या बोटींना तो नियम लागू नाही. आग मात्र नियम बघून लागत नाही.

पेट्रोलचं गणित वेगळं आहे. ते शून्याच्या खाली ४० अंशांनाही वाफ सोडतं आणि ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यानं उडून न जाता तळाशी बसते. हवेत तिचं प्रमाण अवघं दीड टक्का झालं तरी ठिणगी पुरते. फायबरची बोट असेल तर पुढचं सगळं फार वेगात होतं, कारण पॉलिएस्टर रेझिन एकदा धरलं की काळा, दाट धूर सोडत जळतं.

पाना हातात घेण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा. टाकीचा कॉक बंद करा आणि तो खरंच बंद होतो का ते बघा, कारण वर्षानुवर्षं न फिरवलेले कॉक फिरतात पण बंद होत नाहीत. आधीच्या जोडणीचे मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः कोणती नळी जाणारी आणि कोणती परतणारी ते नीट टिपा. हाताशी एक पत्र्याचा ट्रे, सुकी फडकी आणि आग विझवायचा एक भरलेला पावडर सिलिंडर ठेवा. बिडी-सिगारेट जेट्टीवर.

खाडीतली एक खास अडचण इथेच सांगतो. ओहोटीला पाणी गेलं की बोट चिखलात बसते आणि बहुतेक वेळा एका कुशीवर कलते. टाकी इंजिनापेक्षा उंच असेल, म्हणजे डिझेल वजनानंच खाली उतरत असेल, तर कुठल्याही सैल जोडातून ते रात्रभर गळत राहू शकतं. सकाळी टाकी अर्धी आणि तळाच्या पाण्यावर डिझेलचा तवंग. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोल जाते, तेव्हा हे जास्त होतं. म्हणून बोट सोडून घरी जाताना टाकीचा कॉक बंद करायची सवय लावा. टाकीच्या हवेच्या नळीचं तोंडही इतकं वर आणि मधोमध असावं की बोट कलली तरी त्यातून डिझेल बाहेर येणार नाही.

जागा निवडणं

आता मुख्य काम. आपण इथे मुख्य फिल्टरबद्दल बोलतोय, म्हणजे टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) यांच्या मधला, पाणी वेगळं करणारा, खाली वाटी असलेला. इंजिनावरचा बारीक फिल्टर हा दुसरा. त्याबद्दल पुढे येईल.

मुख्य फिल्टरसाठी पेटीत उभे राहून, बोटीची प्रत्येक भिंत बघत, स्वतःला विचारा: ही वाटी उद्या तडकली तर डिझेल कशावर पडेल? खाली मॅनिफोल्ड, टर्बो, सायलेन्सर, सेल्फ, डायनॅमो, बॅटरी किंवा वायरचा झुपका असेल तर ती जागा बाद. एवढ्यानं पेटीतली निम्मी जागा बाद होते. उरलेल्यात पुढची चाळणी लावा.

फिल्टर इंजिनावर नको, बोटीच्या लाकडाला किंवा फायबरच्या आडव्या फळीला हवा. इंजिन रबरी माउंटवर हलतं. त्याच्या अंगावर लावलेला फिल्टर वर्षभर थरथरतो आणि ब्रॅकेटच्या भोकापाशी पत्रा फाटतो. फळीवर लावताना पातळ फायबरमध्ये नुसते स्क्रू मारू नका. मागून लाकडाचा तुकडा देऊन आरपार बोल्ट घाला. फिल्टरला स्वतःचा आधार हवा, तो नळ्यांवर लटकता कामा नये.

तो हाताला पोचला पाहिजे. हे सांगायला साधं वाटतं, पण ज्या फिल्टरपाशी पोचायला गरम इंजिनावर पोट टेकून आडवं व्हावं लागतं, तो भर खाडीत कोणी उघडत नाही. वाटीत पाणी साचत जातं आणि इंजिन नेमकं वाशीच्या पुलाखाली, ओहोटीच्या ओढीत बंद पडतं. मग घाईत, गरम इंजिनावर, लाटेत हलताना तो फिल्टर उघडला जातो आणि डिझेल सांडतं. गैरसोयीची जागा आगीपर्यंत नेते ती अशी, आडवाटेनं.

वर आणि खाली मोकळी जागा मोजा. काही फिल्टरचं काडतूस, म्हणजे आतला गाळणारा भाग, वरून निघतं, काहींचा डबा खालून फिरवून काढतात. वरून निघणारा असेल तर काडतुसाच्या उंचीएवढी जागा वर हवी. खालच्या बाजूला, पाणी सोडायच्या कॉकखाली, एक रुंद तोंडाची बाटली उभी राहील इतकं अंतर ठेवा. बाटली मावत नसेल तर पाणीमिश्रित डिझेल तळात सोडलं जाणार हे नक्की.

उंचीचाही विचार करा. फिल्टर तळाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा बराच वर हवा, नाहीतर खारं पाणी ब्रॅकेट आणि डबा खाऊन टाकतं. गंजून भोक पडलेला पत्र्याचा डबा हे डिझेल गळण्याचं आपल्या किनाऱ्यावरचं अगदी नेहमीचं कारण आहे. टाकीची पातळी फिल्टरपेक्षा उंच असेल तर फिल्टर उघडताच डिझेल वाहू लागेल. म्हणून फिल्टरच्या आधी एक कॉक हवाच.

वाटीबद्दल दोन शब्द. पारदर्शक वाटीमुळे पाणी दिसतं हे खरं, पण प्लास्टिकची वाटी छोट्याशा ज्वाळेतही वितळते आणि मग टाकी थेट आगीत उघडते. इंजिनपेटीत लावायचा असेल तर धातूच्या वाटीचा घ्या, किंवा वाटीखाली ज्वाळा अडवणारं पत्र्याचं कवच असलेला. मोटरसायकलचा प्लास्टिकचा छोटा फिल्टर नळीत मध्येच खुपसलेला मी अनेक बोटींत पाहतो. तो पेटीत नको म्हणजे नको.

एवढ्या सगळ्या अटी पाळल्या की बहुतेक छोट्या बोटींत एकच जागा उरते: टाकी आणि इंजिन यांच्या मधल्या फळीवर, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला, कमरेच्या उंचीवर. फळीच्या टाकीकडच्या अंगाला जागा असेल तर आणखी उत्तम, कारण मग फिल्टर इंजिनाच्या उष्णतेपासून पूर्ण वेगळा होतो.

नळ्या, क्लिप आणि कॉक

तुर्भ्याच्या किंवा ठाण्याच्या बाजारात डिझेलची नळी मागितली की बऱ्याचदा जाड, पारदर्शक प्लास्टिकची नळी पुढे येते. स्वस्त आहे, आतलं दिसतं, म्हणून लोकप्रिय आहे. ऊन आणि डिझेल मिळून तिला काही महिन्यांत पिवळी आणि कडक करतात, मग ती क्लिपपाशी चिरते. आगीत तर ती काही सेकंदांत जाते. बोटीच्या इंधनासाठी आयएसओ ७८४० असं अंगावर छापलेली नळी मिळते. ती ज्वाळेत अडीच मिनिटं टिकेल अशी चाचणी केलेली असते. अडीच मिनिटं म्हणजे कॉक बंद करायला आणि सिलिंडर मारायला मिळालेला वेळ. महाग आहे, पण छोट्या बोटीला लागते ती मीटर-दोन मीटर.

फळीवरच्या फिल्टरपासून इंजिनापर्यंतची नळी लवचीकच हवी आणि तिला थोडा झोल ठेवा, म्हणजे इंजिन हललं तरी जोडावर ताण येणार नाही. टाकी ते फिल्टर तांब्याचा पाइप टाकायचा असेल तर त्याला हातभर अंतरावर क्लिपा मारा. नळी फळीतून आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. एक्झॉस्टपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या, आणि नळी वायरच्या जुडग्यासोबत बांधू नका. घासलेली वायर आणि घासलेली नळी एकत्र असणं यापेक्षा वाईट जोडी नाही.

क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या घ्या, स्क्रूसकट. अनेक क्लिपांचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा लोखंडी असतो. लोहचुंबक लावून बघा, स्क्रू जोरात चिकटला तर ती क्लिप दुकानातच ठेवा. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे टाका. दहा रुपयांच्या वायसरसाठी जुनंच परत बसवलं की तिथून झिरपणार. जोडाला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका. तिचे धागे सुटून फिल्टरच्या पुढे पंपात आणि नोझलमध्ये (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीत) जातात. इंधनाला चालणारं सीलंट वापरा. जस्ताचा मुलामा असलेले पाइप आणि सांधे डिझेलला चालत नाहीत, कारण डिझेल जस्ताला खातं आणि तो गाळ फिल्टरमध्ये अडकतो.

टाकीच्या तोंडाशी एक कॉक हवा आणि तो इंजिनाची पेटी न उघडता बंद करता आला पाहिजे. पेटीच्या आतच कॉक असेल तर त्याच्या दांड्याला सळी जोडून बाहेर काढा. पेटीला आग लागली असताना आत हात घालून कॉक फिरवणं कोणाला जमत नाही. सगळ्या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

बसवून झाल्यावर: एअर काढणं आणि गळती शोधणं

कॉक उघडा, फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करा, हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) मारत राहा. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की स्क्रू बंद. मग इंजिनाचा फिल्टर, मग पंप, याच क्रमानं. खाली ट्रे धरा. सांडलेलं लगेच पुसा आणि फडकी पेटीत सोडू नका.

गळती डोळ्यांनी दिसत नाही तेव्हा प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा आणि इंजिन पंधरा मिनिटं चालवा. ओला झालेला कागद जागा दाखवतो. मग इंजिन तापल्यावर पुन्हा एकदा, कारण थंड असताना घट्ट असलेला जोड गरम झाल्यावर सैल होतो. फीड पंपाच्या आधीच्या भागातला दोष वेगळा दिसतो: टाकी इंजिनापेक्षा खालच्या पातळीवर असेल तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि इंजिन अडखळतं. वारंवार एअर पकडणारं इंजिन म्हणजे कुठेतरी सैल जोड, हे समजून तो शोधा.

फीड पंपाच्या पुढे मात्र सगळं दाबाखाली असतं. इंजिनावरचा बारीक फिल्टर आणि पंपापासून नोझलपर्यंतचे लोखंडी पाइप इथे येतात. नोझलच्या पाइपला केसासारखी चीर गेली तरी डिझेल धुक्यासारखं उडतं आणि ते धुकं सर्वात आधी पेटतं. अशी गळती हातानं कधीही चाचपू नका. त्या दाबाचा फवारा कातडी फोडून आत जातो आणि हाताचं बोट कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. या पाइपांच्या क्लिपा गायब असतील तर लावा, कारण पाइप थरथरूनच चिरतात. इंजिनावरचा फिल्टर हलवता येत नसेल आणि तो एक्झॉस्टच्या बाजूलाच असेल, तर दोघांच्या मधे पत्र्याचा आडोसा उभा करा, गळलेलं दुसऱ्या बाजूला वाहील असा तिरपा.

फिल्टर किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घ्यावा, असं विचारलं जातं. मुख्य फिल्टर १० ते ३० मायक्रॉनचा पुरतो. त्याहून बारीक लावला तर पंप उपाशी राहतो. मापात दुसरी चूक अशी होते की इंजिन तासाला किती लिटर जाळतं ते बघून फिल्टर घेतात. बघायचं ते पंप किती ओढतो ते, कारण त्यातलं बरंच डिझेल परतीच्या नळीनं टाकीत जातं.

एक्झॉस्टचं गुंडाळणं

सुक्या एक्झॉस्टला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळायची पद्धत चांगली, पण अर्धवट. ती पट्टी डिझेल किंवा ऑइल पिऊन भिजली की वातीचं काम करते आणि आतल्या उष्णतेनं पेट घेते. गुंडाळल्यावर वरून पातळ पत्र्याचं आवरण द्या आणि काळी, तेलकट झालेली पट्टी लगेच बदला.

बॅटरी आणि वायरिंगबद्दल थोडक्यात: बॅटरी झाकणाच्या पेटीत पट्ट्यानं बांधलेली असावी, पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी असावी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा आणि मुख्य स्विच पेटीच्या बाहेर. डिझेल फिल्टर आणि बॅटरी एकाच कोपऱ्यात नकोत. लाकडी बोटीला जवसाचं तेल लावत असाल तर ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवा किंवा एकेक पसरून वाळवा.

आउटबोर्ड पेट्रोलवर असेल तर

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन. इथे पेटी नसते, म्हणून लोक निर्धास्त असतात. टाकी मात्र बसायच्या फळीखाली बंद जागेत ढकललेली असते आणि वाफ तिथेच साचते. सुटी टाकी उघड्यावर, सावलीत आणि पट्ट्यानं बांधून ठेवा. भरायची असेल तेव्हा ती बोटीतून बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि पंपाची नोझल टाकीच्या तोंडाला टेकवून भरा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. रिक्षात किंवा गाडीच्या डिकीत ठेवूनच भरायचा मोह टाळा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळायचं असेल तर तेही किनाऱ्यावर.

उन्हात तापलेल्या टाकीत दाब तयार होतो. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून आणलेल्या टाकीला नळी जोडली तर पेट्रोल फवारून येतं. आधी स्क्रू हळू उघडून दाब सोडा.

आता पंपांवर येणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर बनतो आणि नेमका तोच इंजिनात जातो. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मऊ करतं. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर इथेही हवा, पण तो मागच्या फळीवर, उघड्या हवेत, धातूच्या वाटीचा. नळी आणि प्रायमरचा फुगा दर हंगामात सुक्या फडक्यानं पुसून वास घ्या. फडक्याला पेट्रोलचा वास आला तर नळी आतून झिरपतेय, दिसायला कितीही चांगली असली तरी. पेट्रोलचं इंजिन आतल्या पेटीत असलेल्या बोटी इथे थोड्या आहेत. त्यांच्या मालकांनी सुरू करण्यापूर्वी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा आणि मग नाकानं खात्री करायची.

सिलिंडर कुठे ठेवायचा आणि आग लागलीच तर

इंजिनपेटीच्या आत टांगलेला सिलिंडर आगीच्या वेळी हाताला लागत नाही. एक तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्याच्या) हाताशी आणि दुसरा बोटीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे आग मधे असली तरी एक तरी मिळेल. आयएसआय चिन्हाचा एबीसी पावडरचा सिलिंडर घ्या आणि महिन्यातून एकदा तो उलटा करून हलवा. बोटीच्या थरथरीनं पावडर तळाशी घट्ट बसते आणि काटा हिरव्यात असूनही बाहेर काही येत नाही. प्रवासी घेऊन फ्लेमिंगो दाखवायला जाणाऱ्या बोटीवर एकाला तरी सिलिंडर कसा मारायचा हे येत असलं पाहिजे, आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट निघण्याआधीपासूनच हवं.

पेटीच्या बाजूला साधारण इंचभर व्यासाचं, झाकण असलेलं एक भोक ठेवा. पेटीतून धूर येताना पेटीचं मोठं झाकण उघडलं की हवा मिळून भडका होतो. त्याऐवजी या भोकातून पावडर आत सोडता येते. पण आधी इंजिन बंद करा, कारण चालू डिझेल इंजिन ती पावडर ओढून बाहेर फेकतं. मग बाहेरून कॉक बंद. मग सिलिंडर. हाच क्रम. विझल्यासारखं वाटलं तरी पेटी लगेच उघडू नका, गरम लोखंड पुन्हा पेटवतं. जळत्या डिझेलवर पाणी ओतू नका, ते पाण्यावर तरंगत पसरतं.

इंजिन बंद होण्याआधी थोडा वेळ मिळाला तर बोटीचं तोंड असं वळवा की आगीचा भाग वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाईल. मागे आग असेल तर नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे. उतरावंच लागलं तर वाऱ्याच्या वरच्या बाजूनं उतरा.

मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि सगळीकडे चालणारा ११२. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. जागा सांगताना ‘खाडीत’ एवढंच सांगून भागत नाही. ऐरोली पुलाच्या उत्तरेला की दक्षिणेला, नवी मुंबईच्या काठाकडे की मुलुंड-भांडुपच्या, भरती आहे की ओहोटी, हे सांगा. ओहोटी असेल तर काठावरून पायी कोणी पोचू शकत नाही, चिखल कमरेपर्यंत धरतो, आणि मदत फक्त मधल्या पाण्यातूनच येऊ शकते. ते फोनवर आधीच कळलं तर बोट बरोबर दिशेनं निघते.

फिल्टरमधून काढलेलं पाणी, जुनी काडतुसं आणि तेलकट फडकी बाटलीत आणि पिशवीत भरून किनाऱ्यावर आणा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेलं. पण त्याहून जवळचं कारण असं की हे डिझेल ज्या चिखलात मुरतं, त्याच चिखलातली कोळंबी आणि निवट्या उद्या आपल्याच जाळ्यात येतात.